पुढची तारीख

गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे काम १९८६ साली सुरू झाले, तेव्हा आदिवासी माणसे दवाखान्यात का येत नाहीत याची उत्तरे शहरात तयार होती: अज्ञान, अंधश्रद्धा, पुजाऱ्याचा पगडा. संस्थेचे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा प्रश्न लोकांनाच विचारला, तेव्हा भलतेच उत्तर आले. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि पांढरे कापड आम्ही प्रेताला गुंडाळतो. शिवाय आजाऱ्याला आत नेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. पुढे चातगावजवळच्या शोधग्रामात रुग्णालय उभे राहिले ते झोपड्यांच्या गावासारखे, सोबतच्यांना राहता येईल असे आणि दंतेश्वरी देवीच्या नावाचे. ही हकिकत सहसा सांस्कृतिक समजूतदारपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिच्यातून आणखी एक गोष्ट निघते. आजाराची भीती आणि उपचारांच्या व्यवस्थेची भीती एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्यातली दुसरी माणसांच्या हातची असते. चंद्रपूर-गडचिरोलीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा आरोग्याचा इतिहास पाहिला, तर लांबणाऱ्या, वरून न दिसणाऱ्या दुखण्याची चिंता ठरल्या दिवशी ठरलेले माणूस भेटल्यानेच हलकी झालेली दिसते. महाधमनीच्या अ‍ॅन्युरिझमसह जगणाऱ्या माणसाच्या काळजीचा विचारही याच अनुभवावरून करावा, असे माझे म्हणणे आहे.

हृदयातून निघून पोटाकडे उतरणारी महाधमनी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. वय, धूम्रपान, वाढलेला रक्तदाब किंवा घराण्यातला दोष यांमुळे तिची भिंत कमकुवत होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला यावा तसा एके ठिकाणी फुगवटा येतो. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या पुढे गेली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण फुगवटा फुटला तर बरेच रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतही नाहीत. अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटातल्या फुगवट्याला डिसेंबर १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेन गुंडाळले होते. त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ ते जगले आणि एप्रिल १९५५ मध्ये तो फुटून गेले. दरम्यान १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी फुगलेला भाग काढून तिथे दुसरी रक्तवाहिनी जोडून दाखवली. मग प्रश्न आला तो शस्त्रक्रिया केव्हा करायची याचा. ब्रिटनमध्ये चार ते साडेपाच सेंटिमीटरचे फुगवटे असलेल्या १,०९० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले: लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि नियमित सोनोग्राफीवर ठेवलेले, दोन्ही गटांचे आयुष्य सारखेच. म्हणून लहान फुगवट्यावरचा मान्य उपचार म्हणजे रक्तदाब काबूत ठेवणे, बिडी-सिगारेट सोडणे आणि मोजत राहणे. वैद्यकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. रुग्णाच्या दृष्टीने मात्र पोटात धोका घेऊन वर्षानुवर्षे थांबायचे आहे, आणि त्याची चिंता याच थांबण्यातून येते.

मलेरिया, कुपोषण आणि सर्पदंशाच्या मुलखात हा श्रीमंती आजार कशाला, हा आक्षेप सरळ आहे. पण त्यामागचे जंगलाचे चित्र जुने झाले आहे. ‘सर्च’ने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे नोंदवली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे होते. पक्षाघात हेच मृत्यूचे पहिले कारण ठरले आणि या मृत्यूंपैकी ८७ टक्के घरीच झाले. पक्षाघात आणि अ‍ॅन्युरिझम हे आजार वेगळे, पण रक्तदाब, तंबाखू आणि वाढते वय ही कारणे दोघांची सामाईक. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून देणारा ठेला इथे गावोगाव आहे आणि ज्या तेंदूपानाच्या तोडाईवर जंगलातल्या घरांचा उन्हाळा निघतो त्याच पानात बिडीची तंबाखू वळली जाते. बिडीच्या धुराचे अ‍ॅन्युरिझमशी नाते पक्के आहे. खर्ऱ्याबद्दल तितक्या खात्रीने बोलता येत नाही. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुरुषांची तपासणी करतात तशी मोहीम इथे काढावी, असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा या भागातून आलेला नाही. पण मूतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत फुगवटा अचानक दिसतो. न शोधता सापडलेल्या या आजाराचा कागद हातात घेऊन माणूस गावी परततो. त्या माणसाचे पुढे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

या भागाला हा प्रश्न नवा नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले, तेव्हा कुष्ठरोगाचे निदान म्हणजे गावातून हकालपट्टी होती. आनंदवनाने रुग्णाला जमीन, काम आणि शेजार दिला आणि माणूस म्हणून पुन्हा उभे केले. रोगाची दहशत ओसरायला मात्र दुसरीही गोष्ट लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुऔषधी उपचाराची शिफारस केली. त्यात महिन्याला एक मात्रा आरोग्यसेवकासमोर घ्यायची आणि उरलेल्या गोळ्या घरी, अशी रीत होती. रोगाला शेवटाची तारीख मिळाली. सिकलसेलची गोष्ट याच्या उलट. ऐंशीच्या दशकात ‘सर्च’ने गडचिरोलीतला हा रक्तातला आनुवंशिक आजार अभ्यासला, पण लोकांनी त्याला आपली गरज मानलेच नाही, हे बंग यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. ते लोकांचे अडाणीपण होते असे मला वाटत नाही. रक्त तपासून ‘तुला आहे’ असे सांगितले आणि पुढे काहीच देता आले नाही, तर त्या माहितीने फक्त घोर लागतो आणि सोयरिकीत अडथळा येतो. त्यानंतर ‘सर्च’ वळली ती लोकांनी मांडलेल्या प्रश्नाकडे, नवजात बाळांच्या मृत्यूंकडे. गावातल्याच बाईला शिकवून तिला आरोग्यदूत केले. ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करी, श्वास मोजी, गरज पडली तर औषध देई. या पद्धतीने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज देशभरातली आशा कार्यकर्ती बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, ती याच कामातून आलेली रीत. बाळ जगेल की नाही ही आईची धास्ती अशी सहा ठरलेल्या दिवसांत वाटली गेली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की काहीच करायचे नसेल तर सांगायचेच कशाला? जुन्या पिढीतले नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन हेच विनवत असत. पण इथे करण्यासारखे पुष्कळ आहे: रक्तदाबाची गोळी रोज घेणे, बिडी सोडणे, पोटात किंवा पाठीत एकाएकी जबर कळ आली तर ती वाताची समजून न थांबणे. न सांगितलेला माणूस यातले काहीच करत नाही. दुसरा आक्षेप अधिक तोलाचा आहे. चिंता मनातली, तिचा उपायही मनातच शोधायला हवा. अभय बंग यांचेच ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक हृदयविकारानंतर माणूस स्वतःला बदलू शकतो हे सांगणारे म्हणून मराठी घरांत पोहोचले. त्या मार्गाचे मोल मला मान्य आहे. ध्यान, योग, रोजचे चालणे यांनी मन थाऱ्यावर येते. मात्र मन थाऱ्यावर असलेल्या माणसालाही फुगवटा चार सेंटिमीटरच आहे की पाच झाला, हे कळावेच लागते. ते कळण्याची सोय नसेल तर सगळा भार त्याच्या मनोबलावर टाकणे अन्यायाचे ठरते. आदिवासी माणूस मृत्यूला सहज स्वीकारतो, त्याला ही शहरी काळजी नसते, असेही कौतुकाने म्हटले जाते. पांढऱ्या कपड्यांबद्दलचे लोकांचे उत्तर आठवले तर हे कौतुक टिकत नाही. भीती होती, ती कुणी विचारली नव्हती.

मग अडचण राहते ती अंतराची. गडचिरोली १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला, चंद्रपुरात २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तरी महाधमनीच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरचीच वाट धरावी लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. सोनोग्राफीचे यंत्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याने नोंदणीकृत जागेला बांधलेले असते, ते पाड्यापाड्यात फिरवता येत नाही आणि तो निर्बंध योग्यच आहे. रक्तदाबाचा पट्टा मात्र कुठेही जातो. म्हणजे कामाची वाटणी उघड आहे: दर महिन्याला रक्तदाब मोजणे आणि गोळी देणे गावात, आणि फुगवट्याच्या आकाराप्रमाणे तीन किंवा सहा महिन्यांनी वा वर्षाने सोनोग्राफी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, पूर टाळून आधी ठरवलेल्या दिवशी. त्यासाठी नवी संस्था लागत नाही. आशा आणि उपकेंद्र यांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागतो आणि कागद देणाऱ्या डॉक्टरने त्यावर पुढच्या तपासणीची तारीख व जागा लिहावी लागते. फुगवटा याने जाणार नाही, काळजीही पूर्ण संपणार नाही. पण ती रोजची राहणार नाही, आणि ठरल्या दिवशी तपासणी झाली नाही तर जाब कुणाला विचारायचा हे रुग्णाला ठाऊक असेल. कुष्ठरोग्याला आणि बाळंतिणीला जे मिळू शकले ते महाधमनीच्या रुग्णाला देता येणार नाही, असे म्हणायला या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात तरी काही आधार नाही.