प्रतिमुद्रांकित नाण्यांचा आधुनिक उगम

चलनातील नाण्याचा मूळ ठसा कायम ठेवून त्यावर दुसरा लहान ठसा उठविणे, यास प्रतिमुद्रांकन म्हणावयाचे. ही क्रिया प्राचीनांसही अवगत होती; तथापि आधुनिक प्रतिमुद्रेचे वेगळेपण तिच्या रूपात नसून हेतूत आहे. नाशिकनजीक जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा संचय उपलब्ध झाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे उठविलेली आहेत. त्या ठशाने राज्य कोणाचे हे सांगितले. पुढे मोगल रुपयांवर सराफांनी उठविलेल्या बारीक खुणांनी धातू पारखलेला आहे एवढीच ग्वाही दिली. नाण्याची किंमत आजपासून अमुक, असे सांगणारा राजठसा या दोहोंहून भिन्न होय.

असा ठसा इंग्लंडात इ. स. १५६० मध्ये स्पष्टपणे दिसतो. सहाव्या एडवर्डच्या काळी हिणकस चांदीचे शिलिंग पाडण्यात आले होते. बारा पेन्सांच्या या नाण्याची किंमत १५५१ मध्येच सहा पेन्सांवर आणली गेली होती. एलिझाबेथ राणीने त्यांतील बऱ्या नाण्यांवर किल्ल्याच्या जाळीदार दरवाजाचे चिन्ह उठवून त्यांची किंमत साडेचार पेन्स केली. अगदीच निकृष्ट नाण्यांवर शिकारी कुत्रा उमटवून ती सव्वादोन पेन्सांवर आणली. अक्षरओळख नसलेल्या माणसासही हा भेद डोळ्यांनी कळावा, अशीच ही योजना दिसते. येथे ठशाने धातूविषयी सत्य सांगितले.

कॅस्टिलमध्ये याच्या नेमके उलट घडले. तिसऱ्या फिलिपच्या सरकारने १६०२ साली हलक्या नाण्यांतील चांदी काढून टाकली आणि १६०३ मध्ये जुनी नाणी टांकसाळीत मागवून त्यांवर दुप्पट किंमतीचा ठसा उठविला. दोन मारावेदींचे नाणे चारांचे झाले, चारांचे आठांचे. मालकास पूर्वीच्या किंमतीएवढी नाणी परत मिळाली. वाढीव भाग राजाच्या तिजोरीत गेला. या क्रियेस स्पॅनिशमध्ये ‘रेसेल्यो’, म्हणजे पुन्हा शिक्का मारणे, असे नाव आहे. शब्द निरुपद्रवी, व्यवहार मात्र कराचा. चौथ्या फिलिपच्या कारकिर्दीत हा प्रयोग वारंवार झाल्याने एकाच तांब्याच्या तुकड्यावर तीन-चार ठसे एकमेकांवर चढलेले आढळतात. नाणेटंचाई हे प्रतिमुद्रेचे मूळ कारण मानण्याचा प्रघात आहे. कॅस्टिलच्या उदाहरणावरून तो सर्वस्वी ग्राह्य धरता येत नाही.

टंचाईचे खरे उदाहरण १७९७ चे आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे फेब्रुवारीत बँक ऑफ इंग्लंडला नोटांबदली सोने देणे थांबवावे लागले. हाताशी होते ते स्पॅनिश डॉलर. त्यांवरील स्पेनच्या राजाच्या मानेवर तिसऱ्या जॉर्जचे लंबवर्तुळातील इवलेसे मस्तक उठविण्यात आले. हा ठसा नवा नव्हता. चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून सोनारांच्या संस्थेत तो १७८४ पासून वापरात होता. किंमत ठरली चार शिलिंग नऊ पेन्स. दोन राजांची मस्तके मिळूनही पाच शिलिंगांच्या ‘क्राउन’ची, म्हणजे एका मुकुटाची, किंमत भरत नाही, असा विनोद लंडनमध्ये रूढ झाला तो यावरूनच.

परंतु इवलासा ठसा खोटा करणे सोपे होते. साधा डॉलर स्वस्तात घ्यावा व वर राजाचे डोके उठवावे, एवढाच उद्योग. परिणामी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ही नाणी परत घ्यावी लागली. १८०४ मध्ये ठसा मोठा व अष्टकोनी केला. त्याचीही नक्कल झाली. अखेर बर्मिंगहॅमनजीकच्या सोहो येथील मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर डॉलरची मूळ मुद्राच दाबून टाकून संपूर्ण नवी मुद्रा आणि ‘पाच शिलिंग’ ही अक्षरे छापण्यात आली. चांदी महागल्यावर १८११ मध्ये त्याच नाण्याची किंमत साडेपाच शिलिंग करण्यात आली. अक्षरे पाचाचीच राहिली. या वेळी नवा ठसा कोणी उठविला नाही, केवळ जाहीर केले.