सोमवारी जन्मलेली माणसे

दिवाळी अंकात ‘इतिहास’ हा शब्द दिसला की वाचक जरा सावरून बसतो. आता एखादी लढाई येणार, एखादा तह येणार, निदान एखादे जीर्ण दप्तर तरी उघडणार, अशी त्याची अपेक्षा असते. प्रस्तुत लेखातले दप्तर जीर्ण आहे खरे. परंतु ते रद्दीतले आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतून रोज तीन-चार चौकटींच्या ज्या चित्रकथा येत, आणि पुढे ज्यांची रंगीत पुस्तके निघाली, त्यांतल्या तारखांचा हा इतिहास आहे. म्हणजे ज्यांचा जन्मच झाला नाही, त्यांच्या जन्मतारखांचा! कुणी म्हणेल, हा निव्वळ रिकामटेकडेपणा झाला. असेल. पण चकलीचा डबा हाताशी असताना माणसाने थोडे रिकामटेकडे असू नये, तर केव्हा असावे?

प्रारंभीच सांगून ठेवतो की, या प्रांतात मुखपृष्ठावरच्या तारखेवर विश्वास ठेवण्याची सोय नाही. सुपरमॅन ज्या पुस्तकातून जगापुढे आला, त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर ‘जून १९३८’ असे छापलेले आहे. प्रत्यक्षात तो अंक एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. यात लबाडी असलीच तर ती व्यापारी होती. अंकावरचा महिना संपला की दुकानदार तो शिळा समजून मांडणीवरून काढून टाकी; तेव्हा महिना जितका पुढचा, तितके अंकाचे आयुष्य अधिक. आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिला ही युक्ती कधी लागली नाही. आपला दिवाळी अंक दिवाळीत विकत घेतला जातो आणि होळीपर्यंत सुखेनैव वाचला जातो.

या पुढच्या तारखेच्या चालीमुळे एक सुंदर योगायोग बरीच वर्षे झाकलेला राहिला. ‘डेनिस द मेनेस’ या नावाचे दोन व्रात्य मुलगे आहेत. एक अमेरिकन, हँक केचमने काढलेला, व दुसरा इंग्रज, ‘बीनो’ या साप्ताहिकातला. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. इंग्रज डेनिसच्या पहिल्या अंकावर तारीख आहे १७ मार्च १९५१ची. परंतु तो अंक स्टॉलवर आला १२ मार्चला. आणि त्याच १२ मार्चला, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकन डेनिसने वृत्तपत्रांतून पहिली खोडी काढली. एका नावाचे दोन द्वाड एकाच दिवशी! आपल्याकडे कुणी हौशी ज्योतिषी असता, तर त्याने त्या दिवशीचे ग्रह तातडीने मांडले असते.

ग्रह राहू द्या. वार तेवढा पाहून ठेवा. १२ मार्च १९५१ या दिवशी सोमवार होता.

जुन्या चित्रकथांच्या तारखा घेऊन त्यांचे वार काढण्याचा खेळ कुणीही खेळून पाहावा. जादूगार मँड्रेक अवतरला ११ जून १९३४ रोजी, सोमवार. ‘लिल अ‍ॅब्नर’ हा डोंगरगावचा धटिंगण आला १३ ऑगस्ट १९३४ला, सोमवार. चार्ली ब्राऊन प्रथम दिसला २ ऑक्टोबर १९५० रोजी, तोही सोमवारच. हा सोमवार महादेवाचा नव्हे, छापखान्याचा. चित्रकथा पुरवणाऱ्या संस्था वृत्तपत्रांना आठवड्याच्या हिशेबाने माल देत. सोमवार ते शनिवार सहा दिवसांच्या पट्ट्या, आणि रविवारचे रंगीत पान निराळे. तेव्हा ज्याला जन्माला यायचे असेल त्याने रविवार उलटेपर्यंत थांबावे, अशी त्या जगाची शिस्तच होती.

पण जन्म सोयीने देता आला, तरी पुढे वयाचे काय करायचे? खाली चित्रातला मुलगा आठ वर्षांचा, आणि त्याच पानाच्या माथ्यावर रोज बदलणारी खरी तारीख! वर्षे सरत जातात, वाचणाऱ्या पोरांना मिशा फुटतात, आणि चित्रातला मुलगा आठ वर्षांचाच. या पेचातून सुटण्यासाठी निरनिराळ्या चित्रकारांनी निरनिराळे उपाय केले.

सर्वांत मिस्किल उपाय ‘लिटल ऑर्फन अ‍ॅनी’ या अनाथ मुलीचा. आपण लहानच का राहिलो, याचे कारण ती देते ते असे की, आपला जन्म २९ फेब्रुवारीचा! चार वर्षांनी एकदा वाढदिवस, म्हणून चार वर्षांनी एकदा वय वाढणार. हिशेब चुकीचा आहे हे चौथीतला मुलगाही सांगेल. पण उत्तर मात्र बिनतोड. हीच तारीख पुढे सुपरमॅनलाही चिकटली. १९७६ साली त्याच्या प्रकाशकांनी जी दिनदर्शिका काढली, तिच्यात त्याचा वाढदिवस २९ फेब्रुवारीला दाखवला आहे. आणि १९७६ हे लीप वर्ष असल्यामुळे सुदैवाने त्या चौकोनाला जागाही होती. आपल्याकडे ही सबब अधिक महिन्यात जन्मलेल्याला वापरता आली असती. परंतु अधिक महिन्यातले सगळे लाड जावयाकडे जातात, त्यामुळे तिकडे कुणाचे लक्ष गेले नसावे.

दुसरा उपाय धीराचा होता. ‘गॅसोलिन अ‍ॅली’ या चित्रकथेचा कर्ता फ्रँक किंग. तिच्यातला वॉल्ट हा मोटारींत रमलेला लठ्ठ ब्रह्मचारी. स्त्रीवाचकांना आवडेल असे एखादे मूल कथेत हवे, असा वृत्तपत्राच्या चालकांचा आग्रह पडला. आता ब्रह्मचाऱ्याच्या घरी मूल आणायचे कसे? तेव्हा १४ फेब्रुवारी १९२१ रोजी (पुन्हा सोमवारच!) वॉल्टने दार उघडले, तो उंबऱ्यापाशी टोपलीत एक तान्हे बाळ. त्याचे नाव पडले स्किझिक्स. आणि मग किंगने असे काही केले की, जे त्या काळी कुणी करत नव्हते. त्याने बाळाला वाचकांच्या बरोबरीने वाढू दिले. ते रांगू लागले, शाळेत गेले, दुसऱ्या महायुद्धात सैनिक झाले, त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली. ज्या घरी १९२१ साली मूल जन्मले होते, त्या आईला रोज सकाळी चहाबरोबर आपल्या मुलाच्या जोडीचा एक मुलगा मोठा होताना दिसत होता; आणि युद्धाच्या काळात दोघेही सैनिकी वेषात. उंबऱ्यावरच्या त्या दिवसाला २०२१ साली शंभर वर्षे पुरी झाली.

तिसरा उपाय ज्याचा, तो मराठी मुलांच्या चांगल्या ओळखीचा. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, आणि त्याच्या मराठी आवृत्तीत ‘फँटम’ हा ‘वेताळ’ होऊन आला. जंगलातल्या लोकांना वेताळ अमर वाटतो, तो शतकानुशतके तोच आहे म्हणून. गुपित असे की, बाप गेला की मुलगा तोच बुरखा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. या घराण्याचा आरंभ १७ फेब्रुवारी १५३६चा. त्या दिवशी चाच्यांनी एका इंग्रज खलाशाच्या बापाला ठार केले व मुलाने सूडाची शपथ घेतली, अशी कथा. आणि ली फॉकने ही चित्रकथा वृत्तपत्रांतून सुरू केली ती १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. बरोबर चारशे वर्षे, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही!

येथे मास्तरकी गप्प बसत नाही. १५३६ साली आजचे ग्रेगरियन कॅलेंडर जन्मालाच आले नव्हते. ते आले १५८२ साली, आणि इंग्लंडने तर ते १७५२ साली स्वीकारले. १५३६चे जुने, ज्युलियन कॅलेंडर आजच्या हिशेबाने दहा दिवस मागे होते. शिवाय इंग्लंडात तेव्हा वर्ष बदले ते २५ मार्चला. म्हणजे त्या खलाशाने स्वतः रोजनिशी लिहिली असती, तर फेब्रुवारीच्या त्या पानावर त्याने १५३५ हेच साल घातले असते. आणि वार? आजच्या कॅलेंडरची चारशे वर्षे म्हणजे १,४६,०९७ दिवस, नेमके २०,८७१ आठवडे. म्हणून चारशे वर्षांनी तारखेला तोच वार फिरून येतो. १९३६चा तो दिवस अर्थातच सोमवार. पण खलाशाच्या खऱ्या कॅलेंडराप्रमाणे वार निघतो गुरुवार! तात्पर्य, सूडाची शपथ गुरुवारची, आणि तिची चतुःशताब्दी छापखान्याच्या सोयीने सोमवारी साजरी झाली.

आतापर्यंतच्या तारखा कागदावरच राहिल्या. एक तारीख मात्र कागदावरून खाली उतरली. १५ नोव्हेंबर १९३७च्या सोमवारी ‘लिल अ‍ॅब्नर’मध्ये अ‍ॅल कॅपने सेडी हॉकिन्स या मुलीची गोष्ट सांगायला घेतली. मुलगी रूपाने बेताची, वय पस्तिशीला आलेले, लग्न जमत नाही. बाप गावचा बडा असामी. त्याने गावातले सारे अविवाहित पुरुष गोळा केले, त्यांना पुढे पळायला लावले आणि मागून मुलीला सोडले. जो सापडेल तो जावई! आपल्या पुराणांतल्या स्वयंवराला निदान मांडव तरी असे. कॅपच्या लेखी ही चार दिवसांची थट्टा होती. पण वाचकांनी ती सोडली नाही. दोनच वर्षांत, १९३९ साली, ‘लाइफ’ साप्ताहिकाने बातमी दिली की, दोनशेहून अधिक कॉलेजांत ‘सेडी हॉकिन्स दिन’ साजरा होत आहे. त्या दिवशी नाचाला बोलावण्याचा मान मुलींचा. एरवी मुलीने आपण होऊन विचारणे जेथे बरे दिसत नसे, तेथे एका चित्रातल्या तारखेने तिला वर्षातून एक दिवस तोंड उघडण्याची मुभा दिली. कॅपला मग दर नोव्हेंबरात ती शर्यत काढणे भाग पडले. थट्टेत घातलेली तारीख कर्त्याच्याच मानेवर बसली!

या सोयीच्या तारखांना हसताना आपण जरा जपून हसावे. महाराष्ट्रात ज्यांची जन्मतारीख १ जून आहे, असे किती लोक आहेत याचा विचार करा. प्रत्येक वाचकाच्या घरात वा शेजारी एक तरी सापडेल. आईला जन्म आठवे तो ‘कोयनेचा भूकंप झाला त्या साली’ किंवा ‘पानशेतच्या पुराच्या आदल्या पावसाळ्यात’. शाळेच्या दाखल्याला तर तारीख हवी. मास्तर मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेत. बोटे डाव्या कानाला टेकली की मूल शाळेच्या वयाचे झाले. शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून तारीख १ जून. टाकाच्या एका फटकाऱ्याने मूल जन्माला आले! त्याच तारखेवर पुढे नोकरी लागली, आणि त्याच हिशेबाने ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून निवृत्तीचे हार पडले. सुपरमॅनचीही कथा हीच. जुन्या चित्रकथांत त्याच्या मानवी नावाचा, म्हणजे क्लार्क केंटचा, वाढदिवस १८ जूनला येतो. आकाशातून आलेले मूल शेतकऱ्याच्या दारी सापडले; खरी तारीख कोण सांगणार? ज्याने घरात घेतले, त्याने तारीखही दिली.

मोठ्यांची गोष्टही फार निराळी नसते. चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’मध्ये श्रोडर नावाचा एक मुलगा आहे. तो खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हेन वाजवतो, आणि दर १६ डिसेंबरला बेथोव्हेनचा वाढदिवस एखाद्या व्रतासारखा पाळतो. वास्तविक बॉनच्या चर्चमध्ये नोंद आहे ती १७ डिसेंबर १७७०च्या बाप्तिस्म्याची. जन्म आदल्या दिवशीचा, हा लोकांनी बांधलेला अंदाज. म्हणजे बेथोव्हेनचीही तारीख थोडीफार १ जूनसारखीच. पण लाखो मुलांना ती पाठ झाली, ती एका चित्रातल्या मुलाने चुकू दिली नाही म्हणून.

या शुल्झने आपल्या मुलांना वय वाढू दिले नाही. ती जवळजवळ पन्नास वर्षे लहान राहिली. तो एकटा म्हातारा होत गेला. सात वृत्तपत्रांपासून सुरू झालेले काम अखेरीस सव्वीसशेंहून अधिक वृत्तपत्रांत छापले जाऊ लागले. १७,८९७ चित्रपट्ट्या त्याने एकहाती काढल्या. १९९९च्या अखेरीस कर्करोगाने त्याला गाठले, तेव्हा त्याने निवृत्ती जाहीर केली, आणि आपल्यामागे ही मुले दुसऱ्या कुणी काढायची नाहीत, असे ठरवून टाकले. रोजची शेवटची पट्टी आली ३ जानेवारी २०००च्या सोमवारी. त्यानंतर रविवारची काही रंगीत पाने तेवढी उरली होती. त्यांतले शेवटचे, वाचकांच्या निरोपाचे पान १३ फेब्रुवारीच्या अंकांत छापून तयार होते. आदल्या रात्री, १२ फेब्रुवारीला, शुल्झ झोपेत गेला. सकाळी लोकांनी दारातला पेपर उचलला, तेव्हा निरोप आणि निरोप घेणारा गेल्याची वार्ता त्यांना एकाच दिवशी मिळाली.

ही तारीख कुणी सोयीने घातलेली नव्हती. तो दिवस रविवारचा होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या सोमवारच्या पानासाठी चार्ली ब्राऊनचे एकही नवे चित्र शिल्लक नव्हते.