डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स : पेशीसंकेतमार्ग

त्वचेच्या आतल्या थरात उद्भवणारा, संथ वाढणारा दुर्मीळ कर्करोग. दरवर्षी दहा लाख लोकांत सुमारे चार रुग्ण आढळतात. गाठ बहुधा धडावर असते. १९२४ साली दारिए आणि फेराँ यांनी त्याचे वर्णन केले. निदान मुख्यतः सूक्ष्मदर्शकातील रूपावर बेतलेले आहे : भोवऱ्यासारख्या मांडणीतल्या लांबट पेशी, चरबीत शिरलेले त्यांचे धागे, आणि जोडीला सीडी३४ या पेशीखुणेची चाचणी होकारार्थी. रूप महत्त्वाचे खरे, पण या रोगाची ओळख एका संकेतावरून अधिक नेमकी पटते. १७व्या आणि २२व्या गुणसूत्रांचे तुकडे जोडले जाऊन कोलॅजनचे कोल१ए१ आणि वाढघटकाचे पीडीजीएफबी ही जनुके एकत्र येतात. तंतुपेशीत कोलॅजनचे जनुक मुळातच जोमाने चालते. आता तोच जोर वाढघटकाला मिळतो. तयार झालेले जोडप्रथिन छाटले जाऊन त्यातून नेहमीचाच वाढघटक सुटतो, पेशीच्या बाहेर पडतो आणि तिच्याच पृष्ठभागावरील आपल्या बीटा ग्राहीला चिकटतो. पुढे रास-मॅपके आणि पीआय३के-एकेटी हे मार्ग जागे होऊन पेशी वाढत राहते. गंमत अशी, की ग्राहीत काहीच बिघाड नसतो.

१९९७ साली हा जोड उलगडला. कोलॅजनचे जनुक रुग्णागणिक वेगळ्या जागी तुटते. वाढघटकाचा कार्यकारी भाग मात्र जवळपास नेहमी शाबूत राहतो. मुलांमधील जायंट सेल फायब्रोब्लास्टोमा दिसायला निराळा, पण त्यातही हाच जोड सापडतो. एकच संकेत मुळाशी असेल, तर ग्राही रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाने रोग कायमचा का बरा होत नाही, ही शंका रास्त आहे. २००६ साली अमेरिकेत ते मंजूर झाले तेही शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या, उलटलेल्या किंवा पसरलेल्या रोगासाठी. शक्य तिथे रुंद कडा घेऊन गाठ काढणे हाच आजही मुख्य उपचार आहे. पण संकेताने रोग सुरू झाला म्हणजे तो अखेरपर्यंत त्याच्यावरच अवलंबून राहतो असे नाही. फायब्रोसार्कोमाचे रूप घेतलेल्या काही गाठींत सीडीकेएन२ए हे जनुकही हरवलेले असते, तेव्हा पेशीविभाजनाचा एक लगाम वेगळ्याच ठिकाणी सुटतो. दुसरा आक्षेप, काही गाठींत कोल१ए१-पीडीजीएफबी हा जोड मिळतच नाही. अशा काहींत २०१८ साली पीडीजीएफडी या दुसऱ्या वाढघटकाच्या जनुकाचे जोड सापडले, आणि तो घटकही त्याच बीटा ग्राहीला जागे करतो. त्यामुळे रूप जुळत असूनही पीडीजीएफबीची चाचणी नकारार्थी आली, तर निदान फेटाळण्याआधी पीडीजीएफडीही तपासावे लागते.