टर्बोचार्जरचे हाऊसिंग : लहान की मोठे?

गाडीचा टर्बोचार्जर बदलायचा म्हटले की हौशी मंडळींची नजर प्रथम कॉम्प्रेसरच्या चाकाकडे जाते. चाक मोठे तर ताकद मोठी, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात गाडीचा स्वभाव बऱ्याच अंशी ठरतो तो दुसऱ्या बाजूच्या बिडाच्या कवचात. एक्झॉस्टचा तप्त वायू गोगलगायीच्या शंखासारख्या ज्या कवचातून टर्बाइनच्या चाकावर सोडला जातो, ते म्हणजे टर्बाइन हाऊसिंग. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेवर कॉम्प्रेसर फिरविण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. मात्र हाऊसिंग केवढे असावे, हा प्रश्न प्रत्येक इंजिनापुरता नव्याने सोडवावा लागतो.

हाऊसिंगच्या आकारासाठी ०.६४, ०.८६ असे आकडे वापरले जातात. हे ‘ए बाय आर’ गुणोत्तर होय. शंखाच्या आतील मार्गाचे क्षेत्रफळ भागिले त्या छेदाच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचे अंतर, असा त्याचा अर्थ. नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाण्याची धार जोरात सुटते. लहान ए बाय आरचे काम तसेच चालते. वायूचा वेग वाढतो, चाक लवकर फिरू लागते आणि कमी आरपीएमलाच बूस्ट मिळतो. पण इंजिनाचे फेरे वाढल्यावर हाच दाबलेला मार्ग अपुरा पडतो. वायू मागे तुंबतो, सिलिंडरमध्ये जळका वायू शिल्लक राहतो, तापमान चढते आणि पेट्रोल इंजिनात ‘नॉकिंग’चा धोका निर्माण होतो. मोठ्या हाऊसिंगचे याच्या उलट. वरच्या फेऱ्यांत ते मोकळा श्वास घेऊ देते. पण खाली ‘लॅग’ सोसावा लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. एका मालिकेतील ०.६४ आणि दुसऱ्या मालिकेतील ०.६३ यांची तुलना निरर्थक आहे, कारण आतील चाकाचा व्यास वेगळा असतो. काही कंपन्या तर केवळ क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये देतात. कॉम्प्रेसरच्या बाजूच्या ए बाय आरचा परिणाम मात्र तुलनेने नगण्य असतो; त्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

रांजणगावला तयार झालेले फियाटचे १२४८ सीसी डिझेल इंजिन या संदर्भात बोलके आहे. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये (२००८) स्थिर हाऊसिंगच्या टर्बोसह ते ७५ अश्वशक्ती देई. मांझामध्ये (२००९) हलत्या पात्यांचा टर्बो आला आणि आकडा ९० वर गेला. ही पाती कमी फेऱ्यांना मार्ग अरुंद करतात, जास्त फेऱ्यांना रुंद. म्हणजे एकाच कवचात लहान-मोठी दोन्ही हाऊसिंग. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट कितीतरी अधिक तापतो. त्यामुळे तेथे ही सोय दुर्मीळ व महाग राहिली आणि निवड आपल्यालाच करावी लागते.

आता हिशेब. १३६८ सीसीचे पेट्रोल इंजिन, ६००० आरपीएम, ०.८ बार बूस्ट, ९० टक्के भरण आणि इंटरकूलरनंतरची हवा ५७ अंश धरली, तर मिनिटाला सुमारे ७ किलो हवा आत जाते. साधारण ०.४५ किलो हवेमागे १० अश्वशक्ती हा ढोबळ नियम लावला तर १५० च्या आसपास आकडा येतो. याच १.४ लिटर टी-जेट इंजिनाने लिनियात ११४ आणि २०१५ च्या पुंतो अबार्थमध्ये १४५ अश्वशक्ती दिली, हे लक्षात घेता हिशेब फारसा चुकलेला नाही.

नागपूरकरांनी यात उन्हाळा मिळवावा. ४५ अंशांची हवा या बूस्टवर, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तरी, सुमारे १३५ अंशांनी बाहेर पडते. २० अंशांच्या दिवशी तीच १०५ च्या आत असते. इंटरकूलर अपुरा पडून आतील हवा ८० अंशांवर गेली, तर वरच्या हिशेबातील सहा-सात टक्के ताकद तेथेच संपते. त्यात लहान हाऊसिंगचा तुंबलेला वायू आला की पिस्टन वितळण्याची तयारी झालीच म्हणायची. म्हणून विदर्भात आधी इंटरकूलर, मग हाऊसिंग, हा क्रम धरावा.

सीताबर्डीच्या गर्दीत इंजिन बहुतेक वेळ तीन हजार फेऱ्यांच्या आत असते. तेथे लहान हाऊसिंगच सुखाचे. ‘समृद्धी महामार्गासाठी मोठे बसवतो’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण तेथेही मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. मोठ्या हाऊसिंगचे खरे स्थान बंदिस्त शर्यतीच्या ट्रॅकवर. दोन्हीच्या मध्ये घोटाळत असाल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये दाबमापक बसवून घ्यावा. तेथील दाब बूस्टच्या दुपटीवर जाऊ लागला तर हाऊसिंग लहान पडते आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात १-४ आणि २-३ अशा जोड्या वेगळ्या नेणारे ‘ट्विन स्क्रोल’ हाऊसिंग हाही पर्याय आहे, मात्र त्यासाठी मॅनिफोल्डही तसाच लागतो.

कायद्याची बाजू खर्चाआधी पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यावरही पाणी सोडावे लागू शकते. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत खराब झालेला टर्बो बदलताना मूळ क्रमांकाचेच हाऊसिंग मागावे, आणि जुन्या कवचावरील क्रमांक गॅरेजमध्ये ते भंगारात जाण्यापूर्वी टिपून घ्यावा.