रुमाल, हातोडा आणि गडी

एप्रिलात पहाटे वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या फळबाजारात शिरलं की आधी वास येतो, मग आवाज. हापूसच्या पेट्या, पायाखाली गवत, हातगाडी रेटत ‘बाजू, बाजू’ ओरडणारे माथाडी. एवढ्या गलक्यात एखाद्या गाळ्यापुढे दोन माणसं हातात हात देऊन गप्प उभी दिसतात. हातांवर रुमाल टाकलेला. तोंडावरची रेषा हलत नाही. रुमालाखाली बोटं दाबली जातात, एकाची मान ‘नाही’ म्हणते, पुन्हा बोटं दाबली जातात. मग रुमाल निघतो आणि पेट्या उचलल्या जातात. भाव काय फुटला ते त्या दोघांनाच ठाऊक. ह्याला हत्ता म्हणतात.

बाजार समितीच्या कायद्यात लिहिलंय ते वेगळं. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३चा, मुंबईची समिती १९७७ची, आणि भायखळ्याची भाजी व क्रॉफर्ड मार्केटची फळं खाडीपलीकडे आली ती १९९६ साली. कायद्याला हवा असतो उघड लिलाव. तो बघायचा तर लासलगावला जावं. तिथे कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका जमतो आणि बोली चढत जाते ती शेतकऱ्याच्या कानांदेखत. वाशीच्या फळबाजारातला रुमाल मात्र कायदा आला, बाजार हलला, तरी खिशातून पुरता गेला नाही. कोकणातले बागायतदार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलतायत, आणि माझ्या मते बरोबर बोलतायत.

खेळाडूंच्या लिलावाची बातमी आली की मला हा रुमाल आठवतो. २००८च्या २० फेब्रुवारीला मुंबईत एका हॉटेलात आयपीएलचा पहिला लिलाव झाला. रिचर्ड मॅडली नावाचा इंग्रज हातोडा घेऊन उभा होता, आणि महेंद्रसिंग धोनीवर चेन्नईनं १५ लाख डॉलरची बोली लावली. माणसांचा लिलाव कसला करता, असा सूर तेव्हा निघाला होता. दुसरं एक बोललं गेलं: ही सगळी अमेरिकेची नक्कल. ते अर्धंच खरं आहे. शहरांच्या नावाचे संघ, मालक, टीव्हीचा पैसा, हे तिकडचं. पण अमेरिकेतलं व्यावसायिक फुटबॉल कॉलेजातली पोरं लिलावात घेतच नाही. लिलाव आपल्याकडचा. त्याचं कूळ शोधायला पणजीजवळच्या जुन्या गोव्यात जावं लागतं.

‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेयलांव’चा. असागावात जन्मलेले कोशकार सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथ काढला, त्यात ह्या शब्दाचा गोतावळा सापडतो. कोकणी-मराठीत तो लिलाव झाला, हिंदीत ‘ल’चा ‘न’ होऊन नीलाम, पार इंडोनेशियात लेलांग. खुद्द पोर्तुगीजांनी तो अरबांकडून उचललेला: ‘अल-इलाम’, म्हणजे जाहीर करणं. गंमत म्हणजे वाशीच्या मसाला बाजारातला गुजराती व्यापारी लिलावाला ‘हराजी’ म्हणतो आणि वऱ्हाडातला शेतकरी ‘हर्रास’. तो शब्दही अरबीच, ‘हराज’. एक शब्द समुद्रावरून आला, दुसरा दख्खनच्या फारसी दफ्तरांतून. आजा दोघांचा एकाच मुलखातला.

गोव्यातला तो लेयलांव डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणजे यान हॉयगन व्हान लिन्सखोटेन, गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच कारकून. १५८३ ते १५८८ तो तिथे होता. त्याचं पुस्तक १५९६ला छापून आलं. शहराच्या मुख्य रस्त्यावर रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ हा बाजार भरे, असं तो सांगतो. शहरानं नेमलेले पुकारे माल मिरवत. कुणाच्या गळ्यात विकायच्या सोन्याच्या साखळ्या, कुणाच्या हातात घोड्याचा लगाम. आणि त्याच ओळीत गुलाम, बाया आणि बाप्ये, त्यांच्या गुणांचा पुकारा करत विकले जात. आपल्या शब्दाच्या बालपणातच माणसांचा लिलाव आहे. २००८ साली कुणाला मळमळलं असेल तर ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं, एवढंच म्हणतो. फरक मोठा आहे: इथे पैसे विकल्या जाणाऱ्याच्याच खात्यात पडतात.

रुमालाची पिढी त्याहून जुनी. लुदोविको दी वार्थेमा ह्या इटालियन प्रवाशाचं पुस्तक १५१०चं. कालिकतचे दलाल कापडाआड बोटं धरून सौदा करतात, हे त्यानं लिहून ठेवलंय. मोत्यांच्या व्यापारात हीच रीत इराणच्या आखातापासून मुंबईपर्यंत चाले, आणि आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली चालताना तर अनेकांनी पाहिली असेल. एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर, हे माल बघून दोघांना कळतं. मराठीत ह्या बोटांच्या भाषेला गोड शब्द आहे, करपल्लवी. शब्द गोड, पण ज्याचा माल आहे त्याला ती ऐकू येत नाही. वऱ्हाडात कापसाच्या बाजाराला नियम घालायची सुरुवात कारंजाला १८८६ साली झाली, वऱ्हाडचा बाजार कायदा १८९७ला आला. तेव्हापासूनचे सगळे कायदे थोडेफार ह्याच एका गोष्टीमागे आहेत: भाव मोठ्यानं बोला.

आता अमेरिका. तिथली रीत निघाली एका हरणाऱ्या मालकाच्या गाऱ्हाण्यातून. बर्ट बेल हा फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक. कॉलेजातला चांगला गडी ज्याला त्याला हवा, पण गडी पैसेवाल्या, जिंकणाऱ्या संघाकडेच जायचा. बेलनं १९३५ साली मांडलं की सगळ्यांनी पाळीपाळीनं नावं उचलावीत आणि सगळ्यात शेवटी राहिलेल्या संघाची पाळी पहिली. शेवटी राहिलेला संघ त्याचाच होता, हेही सांगायला हवं. ८ फेब्रुवारी १९३६ला फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांनी ८१ गडी वाटून घेतले. पहिलं नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. पैसे जमले नाहीत, तो दुसऱ्या धंद्याला लागला.

ह्याला ड्राफ्ट म्हणतात, पण आपल्या अंगणाला तो नवा नाही. दोन म्होरके समोरासमोर उभे राहून ‘हा माझा, तो तुझा’ करत भिडू वाटून घेतात तेच हे. फक्त अंगणात उरलेला शेवटचा पोरगा घरी जाऊन रडू शकतो. ड्राफ्टमधल्या गड्यानं संघ निवडायचा नसतो, आणि दुसरा कुणी त्याच्यावर चढती बोली लावू शकत नाही. मालकांचा खर्च आटोक्यात राहतो, संघ जवळजवळ तुल्यबळ होतात, बघणाऱ्याला चुरस मिळते. गड्याच्या भावाचं काय, हा प्रश्न त्या हॉटेलात कुणी मोठ्यानं विचारला असेल असं वाटत नाही.

उचलायचा कोणाला, हे ते कसं ठरवतात? इथे मला पुन्हा आंब्याकडे यावंसं वाटतं. गाळ्यावर खरेदीदार सगळी आवक उघडत नाही. एक-दोन पेट्या फोडतो, फळ तळव्यावर तोलतो, देठाशी नाक नेतो, रंग बघतो आणि त्या जोरावर अख्ख्या मालाला बोट लावतो. त्याची खरी भीती साक्याची. साका पडलेला हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो. कापला की आत पांढुरका, स्पंजासारखा गर. बाहेरून तो ओळखता येत नाही. अमेरिकेतले संघ इंडियानापोलिसला पोरं जमवतात आणि ४० यार्डांची धाव घड्याळावर घेतात, २२५ पौंडांचं वजन किती वेळा उचललं ते मोजतात, जागेवरून उडी मारायला लावतात, मुलाखती घेतात. त्यांचे पारखी आधी दोन-तीन वर्षं कॉलेजांचे सामने पालथे घालून बसलेले असतात. मग प्रत्येक संघ आपली यादी लावतो. तरी साका निघतोच. उलटही होतं: २०००च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी १९९वा उचलला गेला, त्याच्या आधी १९८ नावं पुकारली गेली होती. पुढे त्यानं सात अजिंक्यपदं मिळवली. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी ह्या अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवलाय की अगदी वरच्या पाळ्यांसाठी संघ गरजेपेक्षा जास्त मोजतात. पहिल्या हापूसच्या पेटीला हार घालून भाव फोडणाऱ्या आपल्या बाजाराला ह्यात नवल वाटू नये.

ड्राफ्ट आपल्याकडेही येऊन गेला. २००८लाच आयपीएलनं १९ वर्षांखालच्या पोरांसाठी लिलाव न करता पाळ्या लावल्या, रक्कम आधीच ठरवून. दिल्लीनं आपल्याच शहरातल्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवान हा डावखुरा गोलंदाज घेतला. कोहली बंगळूरला गेला. इंडियन सुपर लीगनं २०१७च्या जुलैमध्ये मुंबईत फुटबॉलपटूंचा ड्राफ्ट केला, त्यात जमशेदपूरनं पहिलं नाव उचललं ते केरळच्या अनस एडाथोडिकाचं. त्याचाही भाव ठरलेलाच होता, १ कोटी १० लाख.

कबड्डीनं मात्र बहुतेक गडी हातोड्याखालीच घेतले, आणि त्याचा फायदा काय ते चंदगडच्या सिद्धार्थ देसाईच्या आकड्यांत दिसतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या सीमेवरच्या ह्या चढाईपटूला २०१८ साली यू मुम्बानं ३६ लाख ४० हजारांना घेतलं. एक हंगाम तो तुफान खेळला. २०१९च्या एप्रिलमध्ये मुंबईतच त्याच्यावर पुन्हा बोली लागली आणि तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. वर्षात चौपट, आणि ते साऱ्या देशानं ऐकलं.

ती बोली लागली तेव्हा एप्रिलच होता, हापूसचा महिना. मुंबईतल्या त्या हातोड्यापासून वाशीचा फळबाजार फार तर तासाभराच्या अंतरावर आहे. रत्नागिरी-देवगडहून रात्रभर आलेल्या पेट्यांचा भाव तिथे अजून कधीकधी रुमालाखाली ठरतो, आणि ज्याच्या कलमांचे ते आंबे, त्याला तो नंतर हिशेबाच्या पट्टीवर वाचायला मिळतो.