त्रिंबकजी डेंगळे आणि खानदेशातील जमाव

पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील खलनायक म्हणून ज्याचे नाव इतिहासात कायम झाले, त्या त्रिंबकजी डेंगळ्याचा अधःपात केवळ त्याच्या लोभामुळे वा क्रौर्यामुळे झाला असे मानल्यास 1817 मध्ये खानदेशात जे घडले त्याचा उलगडा होत नाही. कारण ज्या दोन गुणांनी त्याला जासुदाच्या चाकरीतून कारभाऱ्याच्या पदाला चढवले, त्यांनीच त्याला चुनारगडच्या बंदिवासात नेऊन टाकले.

यांतील पहिला गुण धन्याच्या शब्दाला नकार न देण्याचा. संगमनेरजवळच्या निमगाव जाळीचा हा माणूस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी जासूद, म्हणजे पत्रे पोचवणारा आणि बातमी काढणारा नोकर होता. 1802 मध्ये यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशव्याच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव महाडकडे निघून गेला. त्या वेळी पत्राचे उत्तर कोणाच्याही अपेक्षेपूर्वी आणून दिल्यामुळे त्रिंबकजी धन्याच्या नजरेत भरला, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. नाना फडणीस 1800 मध्ये वारल्यानंतर संशयी आणि भित्र्या बाजीरावाला आवर घालील असा वजनदार माणूस दरबारात उरला नव्हता, आणि त्रिंबकजीचे सारे वजन तर आज्ञापालनावरच उभे होते. गायकवाडांच्या देण्याघेण्याचा तंटा मिटवण्यासाठी इंग्रजांच्या हमीवर आलेल्या गंगाधरशास्त्र्यांचा जुलै 1815 मध्ये पंढरपुरात खून झाला, तेव्हा इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवला. संशय खुद्द बाजीरावावरही होता. परंतु धनी सांगेल ते करणारा अशी ज्याची ख्याती, त्याच्या माथी दोष मारणे दोन्ही पक्षांना सोयीचे होते.

या ठपक्यापायी त्रिंबकजीला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथून सप्टेंबर 1816 मध्ये तो निसटला. फितुरी होऊ नये म्हणून तेथे गोऱ्या शिपायांचाच पहारा ठेवला होता. बिशप हेबरच्या प्रवासवर्णनानुसार, घोड्याची निगा राखणारा एक मोतद्दार खिडकीखाली मराठीत गाणे म्हणत त्याला सुटकेचा बेत कळवीत असे आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षर कळत नसे.

दुसरा गुण येथून पुढे दिसतो. कोणत्याही सरकारी हजेरीपटावर नसलेली माणसे उभी करण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. शंभूमहादेवाच्या डोंगरांत रामोशी आणि मांग, तर खानदेशात भिल्ल त्याच्या बाजूने गोळा झाले, आणि खानदेशातील हा जमाव त्याचा नातलग गोदाजी डेंगळे याने सांभाळला. भिल्ल नाईक, म्हणजे टोळ्यांचे प्रमुख, पूर्वी घाटवाटांची आणि गावांची राखण करून त्याबद्दल ठरलेला हक्क घेत. होळकरांच्या धामधुमीने आणि 1803-04 च्या दुष्काळाने गावे ओस पडली, हक्क बुडाले आणि राखणदारांना लुटीवाचून पोट भरण्याचा मार्ग राहिला नाही. 1804 मध्ये पेशव्याचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावी विश्वासघाताने पकडून मारले होते. ज्या सरकारने हे केले, त्याच सरकारच्या माणसासाठी सातमाळा आणि सातपुडा हलावा, यावरून त्रिंबकजीचा आवाका लक्षात येतो, आणि या कर्तबगारीची दखल न घेणारा इतिहास अपुरा म्हणावा लागेल.

पण हा जमाव लपण्यासारखा नव्हता. त्रिंबकजीचा आपल्याला पत्ता नाही असे बाजीराव सांगत असताना खानदेशातून येणारी प्रत्येक बातमी त्याला खोटे पाडत गेली, आणि एल्फिन्स्टनला हवे असलेले निमित्त आयते हाती आले. मे 1817 मध्ये सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून घेण्यात आले आणि 13 जून 1817 च्या पुणे करारान्वये पेशव्याला मराठा मंडळाच्या नेतृत्वावर पाणी सोडावे लागले. त्रिंबकजीने स्वराज्य वाचवण्यासाठी शस्त्र उचलले असेल वा केवळ धन्यासाठी. धन्याचे राज्य मात्र त्या शस्त्राचे निमित्त करूनच आवळले गेले.

जून 1818 मध्ये बाजीराव शरण गेला आणि सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर बिठूरला राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिकजवळच्या अहेरगावी पकडलेल्या त्रिंबकजीला मात्र चुनारगडावर पाठवण्यात आले आणि तेथेच 1829 मध्ये तो मरण पावला. त्याने चेतवलेला खानदेश इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या हाती आला. ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले. तरीही पुढे कित्येक वर्षे इंग्रजी फौजा भिल्लांचा पाठलाग करीत राहिल्या. अखेर जेम्स आउट्रमने 1825 पासून भिल्लांचीच पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. भिल्लांना शत्रू न मानता त्यांच्याकडेच राखण सोपवण्याचा हा उपाय जुन्या घाटराखणीच्या रिवाजातला होता. त्रिंबकजीला तो रिवाज ठाऊक होता, पण हाती सत्ता असताना त्याने तो पुन्हा रुजवला नाही.