खंडी कोणत्या मापाची?

जुनीं दप्तरें चाळणारा अभ्यासक एका ठिकाणीं हटकून अडखळतो. कागदांत गांव, साल, कुळाचें नांव, सर्व कांहीं स्पष्ट असतें. पुढें 'भात इतक्या खंड्या' असा आंकडा येतो, आणि त्याचे आजचे किलो किती, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं कोष्टक उघडून गुणाकार करावा व पुढें चालावें, असा मोह होतो. हा मोह कां आवरावा, तें आम्हांस येथें वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

कोष्टक वरवर पाहतां अगदीं सरळ आहे. देशावर दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. येथपर्यंत सारें दुपटीनें चालतें. कारण निम्में करणें हें निरक्षरासही साधतें. पुढें 12 पायल्यांचा मण व 20 मणांची खंडी. म्हणजे खंडीच्या पायल्या 240. आतां मुंबईचें जुनें कोष्टक पाहावें. तेथेंही चार शेरांचीच पायली; परंतु 16 पायल्यांचा फरा आणि 8 फऱ्यांची खंडी, म्हणजे पायल्या अवघ्या 128. नांव एक, आणि पायल्या जवळजवळ निम्म्या! त्यांतही शेर सर्वत्र सारखा होता असें नाहीं. गोव्यांत तर खंडी 20 कुडवांची.

हा सारा घोंटाळा अडाणीपणाचा, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत द्रोण चार प्रकारचे सांगितले आहेत. राजाच्या उत्पन्नाकरितां धान्य घ्यावयाचा द्रोण 200 पलांचा, व्यवहाराचा 187½, वांटपाचा 175 आणि अंतःपुराच्या वांटपाचा 162½ पलांचा. शास्त्रकारानें हें लपविलें नाहीं. नियम म्हणूनच लिहून ठेविलें. शेतकऱ्यानें राजाच्या कोठारांत 100 द्रोण घातले, तर तेंच धान्य अंतःपुराच्या मापानें 123 द्रोणांहून किंचित् अधिक भरतें. दाणा एकही वाढला नाहीं, आणि कोठारांत 23 द्रोण शिल्लक पडले!

मापाच्या आकाराप्रमाणेंच तें भरण्याची रीतही पाहिली पाहिजे. मापाच्या कांठावर धान्याची जी रास चढते, तिला शीग म्हणतात. त्याच ग्रंथांत मापाची शिखा चौथ्या हिश्शाची असावी, किंवा ती आंत धरूनच माप करावें, असें सांगितलें आहे. खळ्यावर शिगेनें घेतलें आणि दुकानांत कांठावरून हात फिरवून सपाट दिलें, तर पायली तीच राहून माल बदलतो. आपण 'उत्साह शिगेस पोहोंचला' असें म्हणतों, तेव्हां त्या कांठावरच्या राशीचीच आठवण भाषा जागवीत असते.

यावर उपाय कोणास सुचलाच नव्हता, असें नाहीं. शके 1072 (इ. स. 1150) मधील लीलावतींत भास्कराचार्यांनीं एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा मापास मागध खारी म्हटलें आहे. तिचा सोळावा भाग द्रोण. द्रोणाचा चौथा आढक, त्याचा चौथा प्रस्थ आणि त्याचा चौथा कुडव. म्हणजे एका खारीचे कुडव 1024. हाताचेंही प्रमाण 24 अंगुलें असें बांधून दिलेलें. अशा व्याख्येंत धनी कोण व कूळ कोण, यास जागाच उरत नाहीं. तथापि गणित पोथींत राहिलें, आणि खळ्यावर ज्याची त्याची पायली चालली.

मुंबई प्रांतांत 1932 सालीं वजनमापांचा कायदा झाला, आणि 1956 च्या मध्यवर्ती कायद्यानें पुढें दशमान पद्धति आली. व्यवहाराचा प्रश्न मिटला. इतिहासाचा मिटला नाहीं. शेतसाऱ्याचा बोजा, दुष्काळांतील भाव, रयतेची स्थिति यांविषयींचे निष्कर्ष आपण याच खंड्यांवरून काढतों. एका चुकीच्या गुणाकारानें गरीब कूळ सधन ठरतें व जुलमी कारभार सौम्य दिसूं लागतो. म्हणून आंकडा वाचतांना तीन गोष्टी विचाराव्या: माप कोणत्या गांवचें, घेण्याचें कीं देण्याचें, शिगेचें कीं सपाट? उत्तर मिळेना, तर खंडीस खंडीच राहूं द्यावें, हें बरें.